लिंगाचं इम्प्लांट: ऑपरेशनआधी कोणती तयारी करायची, सर्जन कसा निवडायचा

हा विषय दस्तरखानावर बोलायचा नाही, हे आम्हालाही कळतं. पण दारव्हा तालुक्यातले आमच्या ओळखीचे एक भाई एक दिवस शाळा सुटल्यावर फाईल घेऊन आले. वय ५२, स्वतःचं गॅरेज, १४ वर्षांपासून शुगर. मैदानात कुणी नाही हे बघून म्हणाले, "सर, हे इंग्रजी वाचून सांगा. पण कुणाजवळ बोलू नका."

त्या फाईलमध्ये एका लॉजवर भरणाऱ्या 'कॅम्प'चा कागद होता. लिंगात इम्प्लांट बसवायचं, अर्धे पैसे आगाऊ, तारीख पुढच्याच आठवड्याची. डॉक्टरचं पूर्ण नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, कोणत्या कंपनीचं, कोणत्या प्रकारचं इम्प्लांट त्याचा पत्ता नाही. त्यालाच टाचलेला रक्ताचा रिपोर्ट होता: एचबीए१सी १०.४. अल्हम्दुलिल्लाह, पैसे अजून भरले नव्हते.

पुढे त्यांच्यासोबत आम्हीही नागपूरला युरोलॉजिस्टकडे जाऊन आलो. तिथं जे ऐकलं, विचारलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलं, ते इथं मांडतो. नावं सांगणार नाही, कारण शब्द दिला आहे.

आधी हे इम्प्लांट म्हणजे काय ते बघू. लिंगाच्या आत स्पंजसारख्या दोन लांब नळ्या असतात. त्यांत रक्त भरून कोंडलं गेलं की ताठरता येते. जुन्या शुगरमुळे रक्तवाहिन्या आणि नसा खराब झाल्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, अपघातात कंबरेचं हाड किंवा मणका मोडला, तर हे काम बंद पडू शकतं. इम्प्लांट म्हणजे त्या दोन नळ्यांच्या आत बसवलेल्या दोन कांड्या. बाहेरून काही दिसत नाही.

प्रकार मुख्यतः दोन. एक वाकवता येणारा: कांडी कायम कडक असते, हवी तेव्हा सरळ करायची, एरवी खाली वाकवून ठेवायची. दुसरा फुगवायचा: पोटाच्या खालच्या भागात सलाईनची छोटी टाकी, अंडकोषाच्या पिशवीत पंप, आणि लिंगात दोन फुगणाऱ्या नळ्या. पंप दाबला की पाणी नळ्यांत येतं, काम झालं की परत टाकीत जातं. हे फुगवायचं इम्प्लांट अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये जगापुढे आणलं, म्हणजे ५० वर्षांहून जुनी गोष्ट आहे. आपल्याकडे मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी वाकवता येणाऱ्या प्रकाराचं भारतीय इम्प्लांट तयार केलं. परदेशातून येणाऱ्या फुगवायच्या इम्प्लांटची किंमतच काही लाखांत जाते. भारतीय वाकवायचं त्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

भाईंचा पहिला प्रश्न होता, "नमाजीत अडचण येईल का?" डॉक्टर हसले नाहीत, हे आम्हाला आवडलं. वाकवायच्या प्रकारात कडकपणा कायम राहतो, त्यामुळे घट्ट कपड्यांत थोडं जाणवू शकतं. ढिल्या पायजम्यात अडचण नसते. फुगवायच्या प्रकारात एरवी सगळं नैसर्गिक दिसतं. मात्र पंप दाबायला बोटांत जोर आणि सफाई लागते. लकवा होऊन गेलेल्या किंवा बोटं आखडलेल्या माणसाला ते जमेलच असं नाही. फुगवायच्या यंत्रात बिघाडही होऊ शकतो, कारण त्यात भाग जास्त. दहा वर्षांनंतरही बहुतेक यंत्रं चालू असतात, पण काहींची बदलावी लागतात. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा खर्च.

आता हे नीट ऐका. इम्प्लांट फक्त ताठरता देतं. इच्छा वाढवत नाही, लांबी वाढवत नाही. उलट काहींना लांबी थोडी कमी झाल्यासारखी वाटते. स्पर्शाची जाणीव आणि वीर्यपतन जसं आधी होतं तसंच साधारण राहतं. आणि हा रस्ता परतीचा नाही. कांडी बसवताना आतला स्पंज दबतो, त्यामुळे पुढे इम्प्लांट काढलं तर स्वतःची ताठरता परत येईल किंवा गोळ्या काम करतील, ही आशा ठेवता येत नाही.

म्हणूनच हा इलाज शेवटचा. त्याआधी गोळ्या असतात, रिकाम्या पोटी आणि योग्य डोसमध्ये घ्यायच्या. बिर्याणी खाऊन सिल्डेनाफिलची गोळी घ्यायची आणि असर झाला नाही म्हणायचं, असे कितीतरी जण असतात. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर मात्र या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. मित्राच्या पाकिटातली गोळी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गोळ्यांनंतर व्हॅक्यूमचा पंप असतो, लिंगात द्यायचं इंजेक्शन असतं. हे सगळं नीट करून पाहिलं आणि जमलं नाही, तर इम्प्लांटची गोष्ट. शिवाय ताठरता जाणं ही कधीकधी हृदयाच्या आजाराची पहिली खूण असते. त्यामुळे ईसीजी आणि हृदयाची तपासणी आधी.

आपल्या विदर्भात आणखी एक कारण आहे, त्यावर कमी बोललं जातं. सिकलसेल. या आजारात कधीकधी इच्छा नसताना ताठरता येते, दुखते आणि उतरतच नाही. असे चार तास गेले तर थेट दवाखाना गाठायचा, रात्र असो की ईदचा दिवस. शरमेने दोन दिवस घरी बसलेल्या पोराच्या आतला स्पंज मरतो आणि विशी-पंचविशीत इम्प्लांटशिवाय काही उरत नाही. घरात सिकलसेलचं कार्ड असलेला मुलगा असेल, तर वालिदनी त्याला हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावं. आम्ही दहावीच्या मुलांना सिकलसेल शिकवतो, पण पुस्तकात ही गोष्ट नसते.

शुगर आधी, तारीख नंतर

इम्प्लांटमध्ये सगळ्यात मोठी भीती जंतुसंसर्गाची. शरीरात बाहेरची वस्तू बसवलेली असते, तिच्यावर जंतू चिकटले की औषधांनी सहसा निघत नाहीत, पूर्ण इम्प्लांट काढावं लागतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९०२ ऑपरेशनं पाहिली गेली. एचबीए१सी साडेसातच्या आत होतं त्यांच्यात शंभरात एक-दोघांना संसर्ग झाला. साडेनऊच्या वर होतं त्यांच्यात शंभरात २२ जणांना. आमचे भाई १०.४ वर होते, आणि त्या कॅम्पवाल्यांनी हा रिपोर्ट स्वतः टाचून पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, किमान साडेआठच्या खाली आणा, साडेसातच्या आसपास आलं तर उत्तम. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. म्हणजे आदल्या आठवड्यात चहातली साखर सोडून ते खाली येत नाही. भाई बाहेर आल्यावर नाराज होते. "बहाणा करतात," म्हणाले. आम्हाला तसं वाटलं नाही. ऑपरेशनची फी मिळत असताना जो डॉक्टर पेशंटला परत पाठवतो, त्याच्याकडे परत जावं.

बाकीची तयारी छोटी, पण टाळायची नाही. बिडी, तंबाखू, खर्रा काही आठवडे आधी बंद. लघवीची तपासणी, त्यात जंतू निघाले तर आधी तो इलाज. जांघेत खाज, नायटा, फोड, कुठे पिकलेली जखम असेल तर बरी होईपर्यंत थांबायचं. घरी वस्तऱ्याने केस काढायचे नाहीत, बारीक कापल्या जागेतूनच जंतू शिरतात. ते काम ऑपरेशनच्या वेळी दवाखाना करतो. आदल्या रात्री आणि सकाळी सांगितलेल्या जंतुनाशक साबणाने अंघोळ. रक्त पातळ करायच्या आणि शुगरच्या गोळ्यांतल्या काही आधीच थांबवाव्या लागतात, पण कोणती आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवणार, आपण नाही. हकीमजींचं चूर्ण चालू असेल तर तेही लपवू नका.

तारीख ठरवताना रमजान बघा. ऑपरेशननंतर अँटिबायोटिक आणि दुखण्याच्या गोळ्या वेळेवर लागतात, शुगर सांभाळावी लागते. रोजे सुटू नयेत म्हणून औषध टाळण्यापेक्षा ईदनंतरची तारीख घ्यावी. जखमेला पाणी लागू द्यायचं नसतं तोवर गुस्ल आणि वुजूचं काय, पट्टीवर मसह की तयम्मुम, हे आपल्या मौलानांना आधीच विचारून घ्या. आजारी माणसासाठी शरियतमध्ये सवलत आहे. इलाजाच्या गरजेपुरतं डॉक्टरसमोर सतर उघडणं यालाही उलेमांनी परवानगी दिलेली आहे. त्या शरमेपोटी तपासणीच न करू देणारे लोक डॉक्टरांनी आम्हाला सांगितले.

आणि बायको. भाईंनी भाभींना सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी दोघं या. भाभी आल्या, बुरख्यातच कोपऱ्यात बसल्या, आणि शेवटी एकच गोष्ट विचारली, "यांच्या जिवाला धोका तर नाही ना?" चार वर्षं त्या समजत होत्या की नवऱ्याचं मन आपल्यावरून उडालं. आमच्या मते अर्धा इलाज त्या दिवशीच झाला.

इथे कायद्याचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, नवरा निकाहच्या वेळीच नपुंसक होता आणि अजूनही आहे, हे बायकोला निकाह तोडण्याचं कारण म्हणून दिलेलं आहे. पण नवऱ्याने अर्ज केला तर कोर्ट त्याला बरा झाल्याचं दाखवायला एक वर्षाची मुदत देतं. मुलीचं घर मोडायला निघालेल्या आणि मुलाचं दुखणं लपवणाऱ्या, दोन्हीकडच्या मोठ्यांनी हे वाचावं.

सर्जन

हे काम युरोलॉजिस्टचं. एमबीबीएस, एमएसनंतर युरोलॉजीची एमसीएच किंवा तशी डीएनबी पदवी असावी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे नाव किंवा क्रमांक टाकून इंटरनेटवर बघता येतं. घरातला कॉलेजचा पोरगा दोन मिनिटांत बघून देईल. भिंतीवरच्या 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' वाल्यांबद्दल एवढंच: मर्दानी ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यालाच १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जो जाहिरातच कायदा मोडून करतो, त्याच्या हातात चाकू द्यायचा का?

पदवी असली तरी प्रत्येक युरोलॉजिस्ट हे ऑपरेशन करतोच असं नाही. बहुतेकांचा दिवस मुतखडा आणि प्रोस्टेटमध्ये जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या जवळपास १५ हजार पेशंटच्या नोंदींवरून दिसलं की ज्या सर्जनांचा हात या ऑपरेशनवर जास्त बसलेला, त्यांच्याकडे संसर्गामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ कमी येते. म्हणून सरळ विचारा: तुम्ही स्वतः आतापर्यंत किती केलीत, वर्षाला किती करता? दोन्ही प्रकार बसवता की एकच? तुमच्या किती पेशंटचं काढावं लागलं? "एकही नाही" म्हणणाऱ्यापेक्षा नेमका आकडा सांगणाऱ्यावर आम्ही जास्त भरवसा ठेवू. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडून उठून यावं.

इम्प्लांटच्या डब्यावर नाव, प्रकार आणि अनुक्रमांकाचे स्टिकर असतात. ते तुमच्या फाईलला लागले पाहिजेत, आणि पक्कं बिल इम्प्लांटचं वेगळं, ऑपरेशनचं वेगळं. पुढे एमआरआय काढायची वेळ आली किंवा हज-उमऱ्याला जाताना विमानतळावर विचारणा झाली, तर ते कार्ड कामाला येतं. सरकारी योजनेत किंवा विम्यात बसतं का, हे आधी आरोग्यमित्राला आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आपल्या जिल्ह्यातून सुरुवात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून करता येते. शुगर, हृदय, लघवीच्या तपासण्या तिथे होतात. पुढे सेवाग्राम, सावंगी मेघे, किंवा नागपूरचं सुपर स्पेशालिटी आणि एम्स, इथे युरोलॉजीचा सल्ला मिळतो. उमरखेडकडच्या लोकांना नांदेड जवळ पडतं. पण जवळ-लांब बघताना एक विचार करा: घरी आल्यावर रात्री ताप आला, जखमेतून पू आला किंवा सूज वाढत गेली, तर फोन कोण उचलणार? तो नंबर डिस्चार्जआधी घ्या. लॉजवाला कॅम्प दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेलेला असतो.

ऑपरेशननंतर सहसा एक दिवस लघवीची नळी असते. दुखणं काही आठवडे राहतं, हळूहळू कमी होतं. संबंध साधारण चार ते सहा आठवडे नाहीत. फुगवायचं असेल तर त्याच सुमारास डॉक्टर पंप वापरायला शिकवतात. घाई केली तर टाके उघडतात. जड उचलायचं नाही, म्हणजे गॅरेजवाल्याला आधी माणूस ठेवावा लागतो.

आमच्या भाईंचं एचबीए१सी तीन महिन्यांनी ८.१ झालं, आणखी तीन महिन्यांनी ७.३. खर्रा सुटायला जास्त त्रास झाला. आता ईदनंतरची तारीख मिळाली आहे, वाकवायचा प्रकार ठरला आहे, गॅरेज दीड महिना मुलगा बघणार. मोहल्ल्यात काय सांगायचं, हे त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही म्हटलं, युरोलॉजीचं ऑपरेशन आहे म्हणा. खोटं नाही, आणि पुढे कुणी विचारत नाही.