ऑफर लेटर आलंय, १,९९९ भरा!

'अभिनंदन! तुमची निवड झाली आहे.' शेवटचा पेपर झाला की असे मेल यायला लागतातच. चकलांब्यात बसून पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर उघडताना धडधडतंच. खोटं कशाला सांगू, मलाही धडधडलं होतं. लोगो, सही, शिक्का सगळं झकास. खाली बारीक ओळ : लॅपटॉपची अनामत १,९९९ रुपये, आज संध्याकाळपर्यंत भरा.

इथंच थांबा. पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, त्याचा पूर्ण ईमेल पत्ता बघा. कंपनी एवढी मोठी, मग पत्ता साध्या जीमेलचा कसा?

आधी पैसे उकळायची ही युक्ती जुनीच. नायजेरियातल्या कायद्याच्या कलमावरून तिला जगभर '४१९' म्हणतात. (आपलं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय, धंदा तोच!) मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं, की असे मेल मुद्दाम न पटणारे लिहितात. शहाणे आपोआप गळतात, भोळे तेवढे उत्तर देतात. म्हणजे गंमत म्हणून दिलेलं उत्तरही तुम्हाला त्यांच्या यादीत बसवतं.

पैसे गेलेच, तर घरी बोलणी बसतील म्हणून गप्प राहू नका. तासाभरात १९३० ला फोन करा. पैसे पुढं सरकले नसतील तर गोठवता येतात. मेल डिलीट करू नका, तो पुरावा आहे. चकलांबा पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. आणि महिन्याभरानं 'बुडालेले पैसे काढून देतो, फक्त फी भरा' असा मेल आला, तर त्याचाही पत्ता आधी बघा.