रुग्णालयाची घडी आणि शिकणारा विद्यार्थी

रुग्णालय म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. रुग्णाचा जीव त्यांच्या हाती असतो, हे खरेच आहे. परंतु रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कोणीतरी त्याचे नाव लिहून केसपेपर काढलेला असतो. शस्त्रक्रियागृहात वीज, पाणी व प्राणवायू यांची सोय असते. भांडारात औषध असते, खाटेवर धुतलेली चादर असते आणि दुपारी पथ्याचे जेवण येते. ही सारी कामे योग्य वेळी व योग्य क्रमाने घडवून आणणे, त्यांचा हिशेब ठेवणे आणि त्यांत उणीव राहिल्यास ती दूर करणे, याला आरोग्यसेवेचे प्रशासन म्हणतात. आज अनेक विद्यापीठांत या विषयाची पदवी मिळते. मात्र हा विषय केवळ पुस्तक वाचून येत नाही. प्रत्यक्ष कामात सहभागी होऊनच तो अंगी बाणतो. असे का, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

तंजावरची साक्ष

त्यासाठी आपण प्रथम तमिळनाडूतील तंजावर येथे जाऊ. मराठी वाचकाला हे नगर परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. पुढे 1798 मध्ये दुसरे सरफोजी गादीवर आले. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे मुख्यतः किल्ला व वार्षिक तनखा उरला. सत्ता आटली, तरी 1832 मध्ये निधन होईपर्यंत सरफोजींनी विद्या आणि लोकसेवा यांच्या संस्था उभारल्या व वाढवल्या. सरस्वती महाल ग्रंथालय सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या जोडीने ‘धन्वंतरी महाल’ नावाची वैद्यकीय संस्था त्यांनी चालवली. तेथे देशी वैद्यक आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंचे जाणकार एकत्र काम करीत. औषधे तयार होत, त्यांचा उपयोग पाहिला जाई आणि अनुभवास उतरलेले उपचार लिहून ठेवले जात. त्यांतील पुष्कळसे उपचार तमिळ पद्यात गुंफले गेले. ‘शरभेंद्र वैद्यमुरैगळ्’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तेथील नोंदी. नेत्ररोगाच्या चव्वेचाळीस रुग्णांची टिपणे सरस्वती महालात जतन झाली आहेत. रुग्णाची तक्रार, डोळ्याची स्थिती, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम यांची माहिती त्यांत असून डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. या कामासंबंधीचे कागद इंग्रजीत आहेत, तसेच मोडी लिपीतील मराठीतही आहेत. सुमारे दोनशे वर्षांनंतर आधुनिक नेत्रतज्ज्ञांना ते कागद अभ्यासता आले, कारण कोणीतरी ते काळजीपूर्वक लिहिले होते आणि कोणीतरी ते सांभाळून ठेवले होते. उपचार करणारे हात गेले, परंतु नोंद राहिली.

सरफोजींच्या काळची छत्रेही पाहण्यासारखी आहेत. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी धर्मार्थ चालवलेली निवासाची व भोजनाची जागा. 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी या छत्रांची व्यवस्था सविस्तर सांगितली आहे. तेथे शिक्षक असत, रोग, सूज व सर्पदंश यांवर उपचार करणारे वैद्य असत. आजारी प्रवाशाला औषध आणि त्याच्या प्रकृतीला मानवेल असे अन्न मिळे. अनाथ मुलांना दिवसातून तीन वेळा जेवण दिले जाई. प्रसूत झालेल्या स्त्रीला तीन महिने राहण्याची मुभा असे. हे वर्णन वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. दयाबुद्धी असली, तरी केवळ तिच्या बळावर अशी सेवा वर्षानुवर्षे चालत नाही. किती माणसे येतील, किती धान्य लागेल, वैद्याचे वेतन कोठून द्यायचे आणि खोली कोणाला किती दिवस द्यायची, हे ठरलेले असावे लागते. दयेला नियमाची जोड मिळाली, म्हणजे संस्था उभी राहते.

व्यवस्था कोठे कामी येते

हीच गोष्ट आजच्या काळातही दिसते. तंजावरच्या नैर्ऋत्येस असलेल्या मदुराई येथे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. आज ते जगातील मोठ्या नेत्रसेवा संस्थांपैकी एक आहे. तेथील कामाची विभागणी अभ्यासनीय आहे. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर दुसरा रुग्ण तयार ठेवलेला असतो. त्यामुळे शल्यविशारदाचा वेळ वाया जात नाही. ही तयारी करणाऱ्यांत ग्रामीण भागातून निवडून प्रशिक्षित केलेल्या मुलींचा वाटा मोठा आहे. शुल्क देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर विनामूल्य किंवा अल्प खर्चात उपचार होतात. डॉक्टरांचे कौशल्य आणि व्यवस्थापनाची शिस्त एकत्र आल्याने कितीतरी माणसांना पुन्हा दृष्टी लाभली.

दुसरे उदाहरण औषधांचे आहे. शासकीय रुग्णालयांसाठी औषधे खरेदी करण्यासाठी तमिळनाडू सरकारने 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. औषधांची एकत्रित खरेदी होते, प्रयोगशाळांत नमुने तपासले जातात आणि जिल्ह्यांतील गोदामांतून पुरवठा होतो. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक दिले गेले. बँकेच्या पासबुकात जशी रक्कम लिहिली जाते, तशी त्यात रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम आणि उचललेली औषधे यांची नोंद होऊ लागली. साधी वाटणारी ही पद्धत पुढे इतर राज्यांनाही मार्गदर्शक ठरली.

याउलट, व्यवस्थेत उणीव राहिली तर तिचे मोल किती मोठे असते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली आणि दहा बालकांचा मृत्यू झाला. विजेच्या जोडण्यांची तपासणी, धूर दाखवणारे यंत्र, आग विझवण्याचा सराव आणि बाहेर पडण्याची मोकळी वाट या गोष्टी रोजच्या धावपळीत दुय्यम वाटतात. परंतु त्यांची यादी तपासून खाली सही करणारा माणूसही प्राण वाचवण्याचेच काम करीत असतो. म्हणूनच सहीपूर्वी ती प्रत्येक वस्तू त्याने स्वतः पाहिलेली असली पाहिजे.

विद्यार्थ्याने सहभागी कसे व्हावे

आरोग्य प्रशासनाच्या पदवीचा अभ्यासक्रम साधारणतः तीन ते चार वर्षांचा असतो. हिशेब, कायदा, संख्याशास्त्र, साठा-व्यवस्थापन, मनुष्यबळ असे विषय त्यात असतात. वर्गातले हे ज्ञान पक्के होण्यासाठी पुढील मार्ग उपयोगी पडतात.

पहिला मार्ग म्हणजे रुग्णाची वाट त्याच्या बरोबरीने चालून पाहणे. राष्ट्रीय सेवा योजना किंवा रेड क्रॉस यांच्या उपक्रमांतून, अथवा महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर, एखाद्या रुग्णालयाच्या चौकशी खिडकीशी स्वयंसेवक म्हणून उभे राहता येते. खेड्यातून आलेली वृद्धा कोणत्या रांगेत चुकीने उभी राहते, कोणती पाटी तिला वाचता येत नाही, कोणत्या खिडकीवरून तिला परत पाठवले जाते, हे तेथेच कळते.

दुसरा मार्ग मोजण्याचा. समजा, बाह्यरुग्ण विभागात फार वेळ लागतो अशी तक्रार आहे. परवानगी घेऊन तीस रुग्णांच्या वेळा लिहा: केसपेपर कधी निघाला, तपासणी कधी झाली, औषध कधी मिळाले. विलंब केसपेपरच्या खिडकीशी होतो, तपासणीपूर्वी होतो की औषधाच्या खिडकीशी, हे मग आकडेच सांगतील. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धात, 1854 पासून, सैनिकांची शुश्रूषा केली. पुढे त्यांनी मृत्यूंचे आकडे व आकृत्या मांडून दाखवले की रणांगणावरील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले होते. त्यांच्या करुणेला गणिताची साथ होती.

तिसरा मार्ग प्रत्येक विभागात काही काळ काम करण्याचा. प्रशिक्षणाच्या काळात केवळ कार्यालयात बसू नये. भांडारात ज्या औषधाची मुदत आधी संपते ते आधी बाहेर का काढतात, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी पिवळ्या, लाल, निळ्या व पांढऱ्या रंगांची विभागणी का केली आहे, रात्रपाळीच्या परिचारिकांचा तक्ता कसा आखतात, हे तेथील माणसांकडून समजून घ्यावे. सफाई करणाऱ्या मावशींना आणि वॉर्डबॉयना रुग्णालयाच्या ज्या अडचणी दिसतात, त्या अहवालात क्वचितच येतात. त्यांच्याशी आदराने बोलणारा विद्यार्थी पुष्कळ शिकतो.

चौथा मार्ग व्यवसायबंधूंच्या सहवासाचा. चर्चासत्रांना जावे, बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी मागून घ्यावी, अनुभवी प्रशासकाचे मार्गदर्शन घ्यावे आणि आपल्या कामाची रोजनिशी ठेवावी. आज काय पाहिले, काय समजले नाही, काय सुचले, एवढे रोज लिहिले तरी वर्षाच्या शेवटी हाती एक स्वतःचे पाठ्यपुस्तक येते.

हे करताना एक मर्यादा कधीही ओलांडू नये. रुग्णाचे नाव, आजार व कागदपत्रे ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. तिची चर्चा घरी, मित्रमंडळीत किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून करणे हा विश्वासघात होय.

बदलता काळ

या क्षेत्राचे स्वरूप वेगाने बदलत आहे. 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले आणि नागरिकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक घेण्याची सोय झाली. त्याच वर्षी संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आरोग्यविषयक माहितीचे व्यवस्थापन करणाऱ्यांनाही त्यात स्थान मिळाले. मोडीतील टिपणापासून संगणकातील नोंदीपर्यंत साधने बदलली. नोंद खरी, पूर्ण आणि वेळच्या वेळी असावी, ही अट मात्र बदललेली नाही.

मुक्त विद्यालयातून शिकणाऱ्या आपल्यासारख्यांना येथे एक विशेष लाभ आहे. आपल्यापैकी कोणी दुकानाचा साठा सांभाळला असेल, कोणी बचतगटाचे हिशेब लिहिले असतील, कोणी घरातील आजारी माणसाला घेऊन रुग्णालयाच्या रांगेत तासन् तास उभे राहिले असेल. हा अनुभव वाया गेलेला नाही. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, संबंधित विद्यापीठाच्या प्रवेशाच्या अटी तपासून, या पदवीकडे वळता येते. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी रुग्णालय प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षणही उपलब्ध आहे. ज्याने रांगेत उभे राहण्याचा त्रास सोसला आहे, त्याच्याकडे ती रांग लहान करण्याची जबाबदारी आली, तर तो ती अधिक आस्थेने पार पाडील.