कम ऑन ओव्हर

कम ऑन ओव्हर : कॅनेडियन गायिका व गीतकर्त्री शनाया ट्वेन (२८ ऑगस्ट १९६५ –  ) हिचा तिसरा गीतसंग्रह. मर्क्युरी या ध्वनिमुद्रण संस्थेच्या नॅशव्हिल येथील शाखेने तो ४ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रकाशित केला. त्यातील सर्व १६ गीते ट्वेन व तिचा तत्कालीन पती रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग यांनी मिळून रचली असून निर्माताही लँगच आहे. जगभर या संग्रहाच्या सुमारे ४ कोटी प्रती खपल्या. कोणत्याही एकल गायिकेच्या स्टुडिओ-संग्रहाचा एवढा खप झालेला नाही. कंट्री संगीतातही तो सर्वाधिक खपाचा संग्रह मानला जातो. तथापि तो कंट्री संगीताचा आहे किंवा नाही, हाच त्याच्याविषयीचा मुख्य वाद होय.

कंट्री हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गोऱ्या वस्तीत रुजलेला संगीतप्रकार. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांची कथागीते व फिडल, तसेच आफ्रिकी मूळ असलेले बँजो हे वाद्य यांच्या संयोगातून तो घडला व १९२०–३० या दशकात नभोवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांच्याद्वारे सर्वत्र पसरला. पुढे स्टील गिटार हे त्याचे ओळखचिन्ह बनले. तारांवरून पोलादी कांब सरकवून निघणारा तिचा स्वर भारतीय श्रोत्याला मींडेची आठवण करून देतो. शहरी श्रोता मिळविण्यासाठी ही वाद्ये मागे सारण्याचा प्रयोग मात्र ट्वेनचा नव्हे. १९५७ च्या सुमारास चेट ॲटकिन्झ व ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडलच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि वृंदगायन आणले होते व तेव्हाही हीच तक्रार झाली होती.

ट्वेनचे मूळ नाव आयलीन रेजिना एडवर्ड्‌झ. आँटॅरिओ प्रांतातील टिमिन्झ या खाणगावी ती गरिबीत वाढली. १९८७ मध्ये आई व सावत्र वडील मोटार-अपघातात मरण पावल्यावर एका विहारस्थानी गाऊन तिने धाकट्या भावंडांचा सांभाळ केला. १९९३ चा तिचा पहिला संग्रह फारसा चालला नाही. त्याच वर्षी लँगशी तिचा विवाह झाला व त्याने निर्मिलेला द वूमन इन मी (१९९५) हा संग्रह अतिशय गाजला. लँगचा पिंड मात्र रॉक संगीताचा. एसी/डीसी, डेफ लेपर्ड यांसारख्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका त्याने निर्माण केल्या होत्या. जोरकस ताल, एकावर एक चढविलेले आवाजांचे थर आणि श्रोत्याला लगेच उचलता येईल असे ध्रुवपद ही त्याची पद्धती त्याने येथे जशीच्या तशी वापरली.

या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दोन रूपांत आहे. अमेरिकेत प्रकाशित झालेल्या मूळ रूपात फिडल व स्टील गिटार ठळकपणे ऐकू येतात. १९९८ मध्ये यूरोप व इतर देशांसाठी काढलेल्या आवृत्तीत ही वाद्ये बरीचशी काढून वा दबवून त्यांच्या जागी विद्युत् वाद्ये व नृत्याला साजेसा ठेका आला. गीतांचा क्रमही बदलला : मुळात दहावे असलेले ‘यू आर स्टिल द वन’ हे प्रेमगीत अग्रस्थानी आले. चाल, शब्द आणि गायिका तीच. बदलला तो पेहराव. कंट्रीपण चालीत वा शब्दांत नसून केवळ वाद्यमेळात असते काय, असा प्रश्न यातून उभा राहिला. नॅशव्हिलच्या परंपराभिमान्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. पण वाद्ये बदलूनही गीते टिकली, हेही तितकेच खरे.

त्याचे कारण काही अंशी गीतांच्या आशयात आहे. कंट्री गीतांतील स्त्री पुष्कळदा सोसणारी वा वाट पाहणारी. ट्वेनची नायिका थट्टेखोर व स्वतःच्या मर्जीची आहे. ‘हनी, आय ॲम होम’ या गीतात दमूनभागून घरी येणारी व सेवेची अपेक्षा करणारी व्यक्ती पत्नी आहे. ‘ब्लॅक आइज, ब्लू टिअर्स’ मध्ये मारहाण करणाऱ्या जोडीदाराला सोडून जाण्याचा निर्धार आहे. काव्य म्हणून ही रचना साधीच, क्वचित सवंगही आहे.

संग्रहातील १२ गीते स्वतंत्रपणे प्रसृत करण्यात आली, त्यामुळे त्याची विक्री दोन वर्षांहून अधिक काळ चालू राहिली. बिलबोर्ड च्या कंट्री संग्रहांच्या यादीत तो ५० आठवडे पहिला होता. सर्वसाधारण यादीत मात्र दुसऱ्या स्थानापलीकडे कधीच गेला नाही. ब्रिटनमध्ये तो प्रकाशनानंतर सुमारे दीड वर्षाने, १९९९ मध्ये, अग्रस्थानी पोहोचला. त्यातील गीतांना चार ग्रॅमी पुरस्कार लाभले आणि तेही सर्व कंट्री विभागातच. ट्वेनला प्रत्यक्ष रंगमंचावर गाता येत नाही, हा समजही १९९८ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्याने दूर केला.

अप! (२००२) या पुढील संग्रहात हाच प्रयोग उघडपणे केलेला आढळतो. त्याची लाल तबकडी पॉप, हिरवी कंट्री, तर निळी भारतीय चित्रपटसंगीताच्या धर्तीच्या वाद्यमेळाची होती. ट्वेन व लँग यांचा घटस्फोट २०१० मध्ये झाला.