कडब्याची गाडी, हळदीचा कागद

‘मुलाला घरी काहीतरी करायला द्यायचंय, कुठला संच आणू?’ असं लहान मुलांच्या आया मला विचारतात. सोमेश्वरनगरच्या परिसरात मी बरीच वर्षं अंगणवाडी चालवली. आता निवृत्त झाले, तरी हा प्रश्न दारात येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे : काही आणू नका. आधी गोठ्यात बघा, मग स्वयंपाकघरात, मग रद्दीत. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला लागेल ते सगळं तिथं सापडतं. आणि जे कराल ते चालणारं, वाजणारं, रंग बदलणारं करा. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या वस्तूकडे मूल दुसऱ्या दिवशी ढुंकूनही बघत नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आमच्याच तालुक्यातल्या मोरगावात १७ मार्च १९१० रोजी अनुताई वाघ जन्मल्या. मोरगाव सगळ्यांना मयूरेश्वरामुळे ठाऊक, अनुताईंचं जन्मगाव म्हणून फार थोड्यांना. लहान वयात लग्न, लगेच वैधव्य, त्यातून नेटानं शिक्षण आणि मग शिक्षिकेची नोकरी. १९४५ साली त्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम केलेलं होतं. त्या पद्धतीची साधनं लाकडाची, घडीव, महागडी. बोर्डीच्या पाड्यावर ती आणायची कुठून आणि कशानं? म्हणून या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पानं, माती यांनाच साधनं केलं. मूल बालवाडीपर्यंत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही तिथलीच. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी, म्हणजे बोर्डीनंतर तीस वर्षांनी. आमच्या अंगणवाडीत खेळण्यांची पेटी रिकामी असायची तेव्हा मला अनुताईंचा फार आधार वाटायचा.

आता गोठ्याकडे वळू. आमचा पट्टा नीरेच्या डाव्या कालव्याखालचा, उसाचा. ज्वारी मोरगाव-सुप्याकडच्या जिरायती भागात, पण जनावरांसाठी कडबा इकडेही येतो. त्यातलं एक जाडसर, वाळलेलं ताट घ्या. पेरं वेगळी करा आणि वरचं सालपट उभं सोलून काढा. हे काम मोठ्या माणसाचं, कारण सालपटाची कड पात्यासारखी कापते. आत पांढरा, मऊ गाभा निघतो, त्याला आमच्याकडे भेंड म्हणतात. सालपट चिवट, टोकदार, हवं तसं वाकणारं. भेंड इतकं मऊ की काडी टोचली की रुतून बसते. खिळा नको, डिंक नको, दोरा नको, सगळे जोड त्या एका ताटातूनच होतात. सालपटाच्या बोथट केलेल्या काड्या मुलाच्या हातात द्यायला हरकत नाही.

चार बोटं लांबीचा भेंडाचा तुकडा म्हणजे बैलाचं धड. चार काड्यांचे पाय, मानेला छोटा तुकडा, वाकवलेल्या सालपटाची शिंगं. असे दोन बैल झाले की त्यांच्यावर जू आडवं ठेवायचं. साटीसाठी दोन लांब काड्या, मध्ये आडव्या चार. चाकं म्हणजे जाड भेंडाच्या गोल चकत्या आणि आख म्हणजे सालपटाची सरळ काडी. इथं मुलाची खरी परीक्षा असते. काडी चाकात घट्ट बसली तर चाक फिरत नाही, नुसतं फरफटतं. चाकाचं भोक जरा मोठं करायचं आणि चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला भेंडाचा बारका तुकडा खोचायचा. हे तोंडानं सांगू नका. गाडी ओढू द्या, फरफटू द्या. मूल उकिडवं बसून चाकाकडे बघतं, बोटानं फिरवून पाहतं आणि मग आपणच काडी हलवायला लागतं.

गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यानं रात्रंदिवस उसाच्या गाड्या जातात, त्यामुळे आमच्या मुलांना गाडी सोडून दुसरं काही करायचंच नसतं. बीडकडून, अहिल्यानगरकडून तोडीला आलेल्या माणसांची मुलं कोप्यांपुढे खेळतात, त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले. झिजलेल्या रबरी चपलेच्या तळव्यातून ती चाकं कापतात. बाटलीचं झाकण ठेवून पेनानं गोल काढायचा आणि पात्यानं कापून घ्यायचा. हेही मोठ्यांनीच करायचं. मधोमध दाभणानं भोक, त्यात खराट्याची काडी, वर काड्यापेटी. ही गाडी खडीवरूनही पळते.

काड्यापेटीवरून अरविंद गुप्तांची आठवण आलीच. कानपूरच्या आयआयटीत शिकलेले, पुण्यात टेल्कोत इंजिनीअर होते. १९७८ साली ते होशंगाबाद जिल्ह्यातल्या विज्ञानशिक्षणाच्या कामाला गेले. तिथं सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे २००३ पासून पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून खेळणी करायचं मोठं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्हट्यूब हल्ली सहज मिळत नाही, म्हणून मी भिजवलेले पांढरे वाटाणे घेते. रात्री भिजत घालायचे, सकाळी निथळून कोरडे करायचे आणि खराट्याच्या काड्यांची टोकं त्यांत खुपसायची. वाटाणा वाळताना आकसतो आणि काडी घट्ट धरून ठेवतो. एक चौकोन करा, एक त्रिकोण. मुलाला म्हणावं, दाब. चौकोन कलंडतो, त्रिकोण हलत नाही. मग त्याला गोठ्याच्या छपराची कैची दाखवा.

पावसाळ्यात, घरात कोंडून बसायच्या दिवसांत, हळदीचा कागद करा. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवून फडक्यानं कागदाला फासा आणि सावलीत वाळवा. मग साबणाच्या दाट पाण्यात काडी बुडवून मुलानं चित्र काढायचं. पिवळ्यावर लालभडक रेघ उमटते. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळं. साबणातला क्षार हळदीचा रंग लाल करतो, लिंबातलं आम्ल तो परत आणतो. पूर्वी हळदीचं कुंकू करायचे ते याच गुणावर. त्यासाठी चुना वापरत, पण चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. पापडखाराचं पाणी चालतं. अंगात जुने कपडे मात्र घाला, हळद धुऊन जात नाही.

चिकटवायला घरची खळ करा. चमचाभर मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. जुन्या पद्धतीत कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत. ते विष आहे, अजिबात नको. खळ लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

विषाचा विषय निघाला म्हणून स्पष्ट सांगते. बांधावर गुंजा मिळतात, लालकाळ्या, फार देखण्या. त्या घरात आणूच नका, चावलेली गुंज जिवावर बेतते. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची बोंडं, कण्हेरीची पानंफुलंसुद्धा नकोत. उसाचं पाचट फुकट मिळतं, तरी लहानांना देऊ नये. पान कापतं आणि कूस कातडीत रुतते. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ तर वाटाणा, चिंचोका, मणी असं काही ठेवू नका. ते नाकात जातं, घशात अडकतं.

आयांना मी एवढंच बजावते, की तुमचे हात मांडीवर ठेवा. एका मुलीनं कडब्याच्या बैलाला पाच पाय लावले होते. आई एक काढायला पुढे झाली, तर मुलगी म्हणाली, ‘पाय न्हाई गं, शेपूट हाय. टेकवलंय म्हणून पडत न्हाई.’ बाकीच्या मुलांचे बैल आडवे होत होते, हिचा ताठ उभा होता. आईनं तो पाय काढला असता, तर मुलीला सुचलेली ही युक्ती कुणाला कळलीच नसती.

मोडलेल्या वस्तूंचं काय करायचं, हेही विचारतात. कडब्याची गाडी गाईपुढे टाका, त्यात टाचणी न वापरण्याचं हेही एक कारण आहे. काड्या काढून वाटाणे कोंबड्यांना घाला, हळदीचे कागद चुलीत जातील. चपलेची चाकं मात्र डब्यात जपून ठेवा, पुढच्या गाडीला लागतात.