स्पर्धकासोबत एकच गाळा घ्यावा का? कोल्हापूरचं शाहू स्टेडियम काय सांगतं



नाशिकच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलेला प्रश्न व्हिडिओत घाईत उरकला होता. तो इथे नीट घेऊ.

ताई घरून केक करतात. ऑर्डर वाढल्या, घरचं किचन पुरेना. पाथर्डी फाट्याजवळ एक गाळा मिळतोय, पण भाडं एकटीला झेपत नाही. त्यांच्याच भागात केक करणारी दुसरी एक जण अर्धं भाडं भरायला तयार आहे. "सर, पण ती तर माझी कॉम्पिटिटर! कसं करू?" वर्गातल्या निम्म्या लोकांनी ताबडतोब माना हलवल्या. अजिबात नको म्हणे.

मी त्यांना विचारलं, कोल्हापूरचा फुटबॉल कोणी बघितलाय?

ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... पेठापेठांचे हे संघ, बरेचसे जुन्या तालमींतून आलेले. एकमेकांविरुद्धची ईर्षा अशी की मॅचच्या दिवशी पोलीस बंदोबस्त लागतो. आणि हे सगळे हाडवैरी खेळतात कुठे? एकाच शाहू स्टेडियमवर. प्रत्येक तालमीने आपापलं स्टेडियम बांधायचं म्हटलं असतं तर एकाचंही उभं राहिलं नसतं. मैदान एक, गॅलरी एक, आणि वेळापत्रक कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या हातात. कोण कधी खेळणार हे ना पाटाकडील ठरवतं, ना खंडोबा.

आपल्या जिल्ह्यातच बघा ना. लासलगावला कांद्याचे व्यापारी एकाच ट्रॅक्टरवर एकमेकांच्या वर बोली लावतात, आणि उभे असतात एकाच बाजार समितीच्या आवारात. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. एकाच ऑर्डरसाठी धडपडणारे छोटे कारखानदार तिथल्या त्याच टेस्टिंगच्या सोयी वापरतात, कारण ती मशिनरी एकेकट्याला परवडत नाही. म्हणजे स्पर्धकासोबत जागा वापरणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही.

पण थांबा, लगेच टोकन देऊन येऊ नका. कोल्हापूरची दुसरी बाजूही आहे. प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीमुळे तिथे सामने थांबवायची वेळ आलेली आहे. भांडण दोन संघांच्या समर्थकांचं, आणि बसावं लागतं सगळ्यांना. गाळ्याचंही तसंच असतं. शेजारणीच्या केकबद्दल तक्रार आली, तपासणी झाली, तर अधिकारी ज्या ओट्याकडे बघणार तो तुमचाही ओटा आहे. म्हणून तिचा केक कसा लागतो हे नंतर बघा. आधी तिची भांडी घासायची जागा आणि फ्रीज बघून या. अन्न परवाना आपापल्या नावावर हवा, हे वेगळं सांगायला नको.

आता जरा लांब जाऊ, इटलीत. मिलान शहरातले एसी मिलान आणि इंटर हे कट्टर प्रतिस्पर्धी. सान सिरो स्टेडियम 1926 मध्ये सुरू झालं, मिलानसाठी. पुढे ते शहराच्या नगरपालिकेकडे गेलं आणि 1947 पासून इंटरही तिथेच खेळायला लागलं. तेव्हापासून दोघं एकाच छताखाली. स्टेडियम चालवायला दोघांची निम्मी-निम्मी वेगळी कंपनी आहे. ज्याची घरची मॅच, तिकिटाचे पैसे त्याचे. मधल्या काळात दोघांनीही वेगवेगळ्या जागी स्वतःचं स्टेडियम बांधायचा विचार केला होता. शेवटी 2025 मध्ये शहराकडून सान सिरो विकत घेतलं, तेही दोघांनी मिळून.

हे इतकी वर्षं का चाललं? माझ्या मते मोठं कारण साधं आहे. लीगचं वेळापत्रकच असं लावतात की मिलानची मॅच घरी असेल तेव्हा इंटर बहुतेक बाहेरगावी असतं. दोघांना मैदान एकाच दिवशी लागत नाही.

इथे ताईंचं गणित अडतं. दोघी केकवाल्या. एरवी वर्षभर वाढदिवस विखुरलेले असतात, तेव्हा एकीने सकाळी, दुसरीने दुपारनंतर ओव्हन वापरला तर प्रश्न नाही. पण 24 डिसेंबर आणि 31 डिसेंबर? दोघींनाही तोच ओव्हन, तोच ओटा, तेच तास. समजा भाडं 16,000 आहे आणि तुमचे महिन्याला 8,000 वाचले. वर्षातले ते चार-पाच तेजीचे दिवस हातातून गेले तर वाचलेल्यातलं बरंच तिथेच जातं. वर गिऱ्हाईक नाराज होतं ते वेगळंच. त्यापेक्षा पहाटे चारला येऊन नऊपर्यंत नाश्त्याच्या ऑर्डर करून जाणारा कोणी सोबतीला मिळाला, तर मी त्याला आधी पसंती देईन. तो स्पर्धकही नाही, आणि त्याची घाई तुमच्या घाईच्या वेळी येत नाही.

आणि समजा केकवालीच सोबतीला घ्यायची, तर मुंबईची गोष्ट लक्षात ठेवा. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, कसोटी सामने भरवायचे बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने. वाद कशावरून? सामन्याची किती तिकिटं कोणाला, यावरून. वर्षानुवर्षं धुमसत राहिलं. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच उभं केलं. जानेवारी 1975 मध्ये वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. आणि ब्रेबॉर्नवर? 1973 नंतरची पुढची कसोटी थेट 2009 मध्ये. इतकं देखणं मैदान, पण 36 वर्षं एकही कसोटी नाही. क्लब स्वतःच्या मैदानाचा मालक होता, तरी सामना दुसऱ्याकडून यायचा, हे तो विसरला असं मला वाटतं. काही जण असोसिएशनलाही दोष देतात. देऊ द्या, आपल्याला त्यात पडायचं नाही.

आपल्याकडे तिकिटांच्या जागी काय असतं? दारात चालत आलेलं गिऱ्हाईक. बोर्ड कोणाचा वर लावायचा, गाळ्याच्या पत्त्यावर आलेला फोन कोणाचा, आणि ती बाहेर असताना कोणी "केक मिळेल का" विचारत आलं तर तुम्ही काय म्हणायचं. लाजेकाजेस्तव हे कोणी बोलत नाही. "आपण काय परक्या आहोत का" म्हणतात, आणि सहा महिन्यांनी त्याच बोर्डाखाली अबोला सुरू होतो.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर ताईंना कागद दिला. म्हटलं, भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी लिहा. आधी 24 आणि 31 डिसेंबरचे तास वाटून घ्या, मग बोर्ड, मग फोन. आणि दोघींचंही ऐकेल असा एक तिसरा माणूस ठरवा, गाळेमालक सोडून, कारण त्याला फक्त भाडं वेळेवर हवं असतं. ताईंनी तिथेच बसून लिहायला घेतलं. 31 डिसेंबरच्या संध्याकाळी चार ते आठ या वेळेपाशी त्यांचं पेन अडकलं. तिथेच फोन काढून त्यांनी दुसऱ्या ताईंना लावला.