टिपेश्वर अभयारण्य

महाराष्ट्र राज्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील वन्य जीवांचे एक अभयारण्य. क्षेत्रफळ १४८.६३ चौ. किमी. ते पांढरकवड्याच्या परिसरात, तेलंगणाच्या सीमेनजीक असून १९९७ मध्ये घोषित झाले. परिसरातील टिपाई देवीवरून त्यास हे नाव पडले, असे मानतात.

भूप्रदेश डोंगराळ असून वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. त्यात साग प्रमुख होय. वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर, चितळ, नीलगाय इ. प्राणी येथे आढळतात. उन्हाळ्यात पानगळ झाल्यावर दृष्टी दूरवर पोहोचते व पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याचा संभव वाढतो. चितळाच्या इशाऱ्यामागून अवतरणारी निःशब्दता आणि तीतून प्रकटणारा वाघ हा प्रवाशास विस्मयचकित करणारा अनुभव होय.

त्याहून विस्मयकारक ठरली ती येथील एका तरुण वाघाची भ्रमंती. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा बसविण्यात आला. त्याच वर्षी जूनमध्ये टिपेश्वर सोडून शेते, नाले व रस्ते ओलांडीत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण नोंदलेली वाटचाल ३,००० किमी.हून अधिक भरली.

वयात आलेले नर वाघ स्वतंत्र क्षेत्र व मादी यांच्या शोधात जन्मस्थान सोडतात. टिपेश्वरसारख्या लहान वनात सर्वांना जागा पुरणे अशक्य असते. त्यामुळे वनाबाहेरील झुडपी राने व नदीकाठ यांचे संचारमार्ग टिकणे, हे अभयारण्याच्या रक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे.