निवड होते बाराव्या वर्षी

14 ऑक्टोबर 2025 रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताने सिंगापूरविरुद्ध पहिला गोल केला आणि सामना 1-2 असा गमावला. 2027च्या आशियाई चषकाचा रस्ता तिथेच संपला. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशनेही 22 वर्षांनी भारताला हरवलं. मुंबईच्या मैदानांवर कारकीर्द घडवलेले खालिद जमील प्रशिक्षक होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. संघ नव्याने बांधा, अशी ओरड सुरू झाली.

अशा वेळी चर्चा नावांवर येते. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला मार्च 2025मध्ये, वयाच्या चाळिशीत, परत बोलावून झालं होतं. नोव्हेंबरच्या शिबिरात ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स आला. त्याने तिकडचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याचे मुंबईकर आजोबा संतोष करंडकात बॉम्बेकडून खेळले होते. 2008च्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्ट नसलेल्याला देशाकडून खेळता येत नाही, म्हणून एवढा खटाटोप. यात गैर काही नाही. पण हे सगळे तिशीच्या आसपासचे किंवा पुढचे. राष्ट्रीय संघाची खरी निवड अकराव्या-बाराव्या वर्षी होते आणि ती करायला बहुतेक तालुक्यांत कुणी गेलेलंच नसतं.

रहीमसाहेबांची रीत

1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असं धुतलं. आजच्यापेक्षा ती नामुष्की मोठी होती. पण चार वर्षांनी मेलबर्नमध्ये भारत चौथा आला. मुंबईत खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले. 1962मध्ये जकार्तात भारत आशियाई क्रीडा स्पर्धेत विजेता झाला.

या वाटचालीमागे सय्यद अब्दुल रहीम होते. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस हैदराबादेत पोरांसाठी चमत्कारिक वाटाव्यात अशा स्पर्धा भरवायचा. एखादीत फक्त कमकुवत पायाने खेळायचं, एखादीत चेंडू पायात घोळवायलाच बंदी. मुलगा आज काय करतो यापेक्षा उद्या काय करू शकेल, हे अशा खेळात कळतं. जकार्तात डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला रहीम यांनी बचावफळीतून उचलून पुढे खेळवलं आणि अंतिम सामन्यात त्याने दक्षिण कोरियावर गोल केला. त्याच संघातला फॉर्च्युनातो फ्रँको मूळ गोव्याचा, खेळायचा मुंबईच्या टाटा संघाकडून. रहीम यांना खेळाडू मिळाले ते हैदराबाद, कोलकाता, मुंबई अशा मोजक्या शहरांतून, पण त्या शहरांत वर्षभर स्पर्धा चालायच्या. 1963मध्ये रहीम गेले.

मणिपूर, कोल्हापूर, सोलापूर

2017मध्ये 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून प्रवेश थेट होता, त्यामुळे काही वर्षं आधीपासून मुलं शोधणं भाग पडलं. जर्मनीच्या निकोलाय अॅडम यांनी बांधलेला संघ शेवटच्या वर्षी पोर्तुगालच्या लुईस नॉर्टन डी मातोस यांच्याकडे आला. त्यांनी दार बंद केलं नाही. मिनर्व्हा अकादमीची काही मुलं अखेरच्या महिन्यांत संघात आली. त्यांतल्याच जेक्सनसिंगने 9 ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली, ही गोष्ट वेगळी.

त्या 21 जणांत आठ मणिपूरचे होते. 2011च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या सुमारे 28 लाख, एकट्या सोलापूर जिल्ह्याची 43 लाख. रक्ताचा, उंचीचा, हवामानाचा सिद्धांत मांडण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

महाराष्ट्राचा धागाही त्या संघात होता. नमित देशपांडे मुंबईत जन्मून अमेरिकेत न्यू जर्सीत वाढला. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्यात बालेवाडीच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. तिथलं पोर फुटबॉल खेळतं ते भोवती सगळे खेळतात म्हणून. निवडणाऱ्याला फक्त जाऊन बघायचं असतं.

बार्शीतून बालेवाडी

आता सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीतला बारा वर्षांचा एखादा चुणचुणीत मुलगा घ्या. त्याच्यासाठी रूढ वाट शालेय स्पर्धेची : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे शाळा पहिला सामना हरली की त्याचं वर्ष संपलं. जिल्हा जिंकला तरी सोलापूर पुणे विभागात असल्याने पुढे गाठ पुण्याच्या संघांशी. या रचनेत संघ पुढे जातो, खेळाडू नाही. कच्च्या संघातला पक्का मुलगा मागेच राहतो. बार्शीच्या आडत बाजारात आलेल्या तुरीचाच लिलाव होतो. खळ्यावर राहिलेल्या पोत्याला भाव कोण लावणार?

क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या एकेका मुलाला जोखतात, हे त्यांचं मोठेपण. पण 30 मीटर धाव, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर यांत लवकर वाढलेलं शरीर उजवं ठरतं. चेंडू येण्याआधी मान वळवून बघणारा किरकोळ अंगाचा मुलगा त्यात दिसत नाही. वयाचाही घोळ असतोच. म्हणून तर फिफा 2009पासून 17 वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय काढते.

15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा सरकारी उपक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले. मात्र एका दिवसाच्या खेळातून खेळाडू ओळखता येत नाही. त्यासाठी तोच मुलगा दहा-पंधरा सामन्यांत, हरतानाही, दिसायला लागतो.

लाखावर वस्तीच्या बार्शीला हे न झेपण्यासारखं नाही. कर्मवीर जगदाळे मामांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेपासून इथे शाळांची परंपरा आहे. आठ शाळा, बारा वर्षांखालची मुलं, पावसाळा सरल्यावर दर रविवारी साखळी सामने, सातजणांचा संघ आणि छोटं मैदान. प्रत्येक सामन्याला एक क्रीडाशिक्षक केवळ नोंदी करायला. हंगामाअखेर वीस नावांची यादी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आणि प्रबोधिनीकडे. अशा साखळ्या राज्याच्या निम्म्या तालुक्यांत चालल्या, तर दहा वर्षांनंतरच्या प्रशिक्षकाला परदेशात आजोबा शोधत फिरावं लागणार नाही. बार्शीचं पोर तेव्हाही नाकारलं जाईल कदाचित. पण निदान खेळताना पाहून नाकारलेलं असेल.